क्लायंट म्हणतो "बातम्या छापून आणा": जनसंपर्काच्या कामात आधी संशोधन किती आणि कसं करायचं?

कोयनाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, कामाचा प्रश्न आहे. जनसंपर्क, मार्केट रिसर्च, पत्रकारिता आणि डेअरी या चारही क्षेत्रांतली माणसं इथे आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

क्लायंट म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला मध्यम आकाराचा सहकारी दूध संघ. नाव देत नाही. एका शहरात पिशवीच्या दुधाची विक्री चार महिन्यांत ११ टक्क्यांनी घसरली आहे. शहरात १४ रूट आणि ६२० एजंट आहेत. "संघाच्या दुधात युरिया असतो" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. संचालक मंडळाचं निदान ठरलेलं आहे: बदनामी झाली, लोकांचा विश्वास उडाला. मागणीही ठरलेली: महिन्याला १५ चांगल्या बातम्या, शाळांमध्ये कार्यक्रम आणि वर्षाअखेर कात्रणांची फाईल.

माझं मत असं की निदान झाल्याशिवाय औषध देऊ नये. संशोधनाला सहा आठवडे आणि एकूण खर्चाचा साधारण दहावा हिस्सा मिळेल असं दिसतंय. विचारायचं ते असं:
१. सहा आठवड्यांत काय करायचं आणि काय सोडायचं?
२. नमुना किती घ्यायचा?
३. मोहीम संपल्यावर "फरक पडला" हे कशावर सिद्ध करायचं?

मोजपट्टी | सोमवार, रात्री १०.१५

प्रश्नावलीला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि मधोमध रेघ ओढा. डावीकडे "हे कळलं तर", उजवीकडे "आम्ही हे करू". उदाहरणार्थ, सोडून गेलेल्या लोकांनी अफवा ऐकलेलीच नाही असं निघालं, तर शाळांचे कार्यक्रम रद्द. ज्या प्रश्नासमोर उजवी बाजू कोरी राहते तो प्रश्न काढून टाका. चाळीस प्रश्नांची यादी पंधरावर येते.

दुसरं म्हणजे, घट आहे कुठे? ११ टक्के ही सरासरी आहे. संघाकडे प्रत्येक रूटची रोजची मागणी, उचललेले क्रेट आणि परतीचा माल यांची नोंद असते. ती दोन वर्षांची मागवा आणि या वर्षीचा महिना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावून बघा. १४ पैकी तीन-चार रूटवरच घसरण असेल, तर शहरभर विश्वास उडाल्याचं निदान टिकत नाही, कारण अफवा रूट बघून पसरत नाही. तिथे एजंट बदललाय का, गाडी उशिरा येते का, दुसऱ्या ब्रँडने जास्त कमिशन दिलंय का, हे आधी तपासा. या कामाला संगणक आणि दोन दिवस पुरतात, आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते.

दहीवडा | सोमवार, रात्री १०.२२

मोजपट्टींना +१. आकडे आधी मागवा, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी तिथेच निम्मं होईल.

ताम्रपट | सोमवार, रात्री ११.०५

रूटच्या आकड्यांसोबत बाहेरची उपलब्ध माहितीही वाचून काढा. दूधभेसळीच्या बाबतीत तर हे टाळूच नका, कारण मेसेजमध्ये फिरणारे आकडे कुठून आले हे माहीत नसेल तर उत्तर देता येत नाही.

"देशातलं ६८ टक्के दूध भेसळीचं" हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याचं मूळ एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०११ च्या पाहणीत आहे. तेव्हा १,७९१ नमुने तपासले आणि ६८.४ टक्के नमुने मानकांत बसले नाहीत. पण मानकात न बसणं म्हणजे विषारी असणं नव्हे. त्यात पाणी घातल्याने फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) कमी पडलेले आणि दूध पावडर मिसळलेले नमुनेच मोठ्या प्रमाणावर होते. त्याच संस्थेच्या २०१८ च्या पाहणीत १,१०३ गावं-शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. भेसळीचे निघाले फक्त १२, आणि ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित ठरले.

आता यातला सापळा. "९३ टक्के सुरक्षित" एवढंच उचलून प्रसिद्धीपत्रकात टाकू नका. त्याच अहवालात ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन एम-१ हा विषारी घटक मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचं लिहिलंय, आणि ते बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून येतं. तयारीचा पत्रकार दुसरा प्रश्न तोच विचारेल: तुमचा संघ पशुखाद्य तपासतो का? उत्तर नसेल तर ते पत्रक काढूच नये. पूर्ण अहवाल वाचायचा तो यासाठी.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७.५०

प्रश्नावलीबद्दल लिहिते, कारण मराठीत सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. बहुतेक प्रश्नावल्या आधी इंग्रजीत तयार होतात आणि मग त्यांचा तर्जुमा होतो.

हा प्रश्न बघा: "संघाचं दूध शुद्ध आणि ताजं असतं याच्याशी आपण कितपत सहमत आहात? पूर्णतः सहमत, अंशतः सहमत, तटस्थ..." यात तीन चुका आहेत. शुद्ध आणि ताजं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्यात. दूध ताजं आहे पण पातळ आहे असं ज्या बाईंना वाटतं त्यांनी काय सांगायचं? दुसरं, "अंशतः सहमत" असं घरात कोणी बोलत नाही. "पूर्ण पटतं, थोडं पटतं, फारसं पटत नाही, अजिबात पटत नाही, सांगता येत नाही" असं ठेवा. तिसरं, दारात आलेल्या माणसाला आपल्याकडे "हो" म्हणून वाटेला लावतात. म्हणून मत विचारण्याआधी काय घडलं ते विचारा:

"काल सकाळी घरात दूध कुठून आलं?" (पिशवी / गवळ्याचा रतीब / डेअरीतून सुटं / घरचं जनावर)
"पिशवी असेल तर कोणती? बघायला मिळेल का?"
"गेल्या महिन्याभरात दूध तापवताना नासलं का? किती वेळा?"
"सहा महिन्यांत दूध बदललं का? आधी कोणतं होतं?"
"का बदललं?" इथे पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. त्या बोलतील ते शब्द तसेच उतरवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. "संघाच्या दुधात युरिया असतो असं तुम्ही ऐकलंय का?" हा प्रश्न चुकूनही नको. समजा पाहणी ४०० घरांची ठरली, तर तो विचारला की अफवा ४०० घरांत तुम्हीच पोचवली. "दुधाबद्दल अलीकडे काही ऐकलं किंवा वाचलं का?" असं मोकळं विचारा आणि युरियाचं नाव त्यांच्याकडून येतं का ते बघा. मुलाखत संपताना घरच्या घरी दूध कसं तपासायचं याचा माहितीचा कागद सगळ्यांना सारखाच द्या.

प्रश्नावली पक्की करण्याआधी १५-२० घरांत चालवून बघा. उत्तर मिळालं की नाही एवढंच बघू नका, "या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?" हेही विचारा. "प्रक्रिया केलेलं दूध" म्हणजे काहींना पावडरचं दूध वाटतं. घरोघर गेल्याशिवाय हे कळत नाही.

सदाशिव_पेठी | मंगळवार, सकाळी १०.३०

सगळं मान्य, पण सहा आठवडे कशाला घालवायचे? संघाच्या फेसबुक पानाला पाच-सहा हजार लोक असतीलच. गूगल फॉर्म टाका, दोन दिवसांत हजार उत्तरं येतील. हजाराचा नमुना ४०० पेक्षा चांगलाच ना?

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी १.१०

सदाशिव, इथे मात्र साफ असहमत. नमुन्यात किती माणसं आली याच्या आधी ती कशी आली ते बघावं लागतं. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट मासिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेतला. वीस लाखांवर मतपत्रिका परत आल्या, अंदाज निघाला लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते आणि परत पाठवणारेही ठरावीक मनःस्थितीचे होते. संघाचं पान फॉलो करणारे म्हणजे संघाचे कर्मचारी, नातलग आणि चिडलेले लोक. ज्या घराने गुपचूप पिशवी बदलली ते घर तिथे नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय.

कोयनाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली की पुस्तकी आकडा ३८४ येतो. तो साध्या यादृच्छिक निवडीचा. आपण घरं गठ्ठ्याने घेतो, आणि एकाच गल्लीत बहुतेक सगळे एकाच एजंटचे गिऱ्हाईक असतात, त्यामुळे उत्तरं एकमेकांसारखी येतात. त्याची किंमत मोजावी लागते. सूत्र सोपं आहे: १ + (गठ्ठ्यातली घरं − १) × साम्य. साम्य ०.०५ धरलं तर:

२० ठिकाणी २०-२० घरं: १.९५ पट. ४०० घरांची किंमत २०५ इतकीच, चूक ±६.८.
४० ठिकाणी १०-१० घरं: १.४५ पट. ४०० घरांची किंमत २७६, चूक ±५.९.

घरं तेवढीच आणि मुलाखतीही तेवढ्याच, फक्त ठिकाणं वाढवली. म्हणून ४० ठिकाणं घ्या. मतदार यादीच्या भागांमधून मतदारसंख्येच्या प्रमाणात ४० भाग निवडा, प्रत्येक भागात चिठ्ठीने सुरुवातीचं घर काढा आणि उजव्या हाताने पाचवं-पाचवं घर घेत जा. घरातली कोणतीही प्रौढ व्यक्ती चालणार नाही. कोणतं दूध घ्यायचं ते जी ठरवते तीच व्यक्ती हवी. वेळ संध्याकाळी ५ ते ८ आणि रविवारची सकाळ, नाहीतर नोकरी करणाऱ्या बायका नमुन्यातून गळतात. गेट असलेल्या सोसायट्यांसाठी परवानगीचं पत्र आधीच घेऊन ठेवा. वॉचमनने अडवलं म्हणून तिथलं घर सोडून शेजारच्या चाळीत शिरलात की नमुना वाकडा झाला.

एजंट ६२० च आहेत. छोट्या समूहाला दुरुस्ती लागू होते. ५ टक्के चुकीला २३७ लागतात, ७ टक्के चालत असेल तर १५० पुरतात. माझ्या मते १५० घ्या आणि वाचलेले दिवस घरांवर घाला.

हिशोब माणूस-दिवसांत करा, रुपयांचे दर शहरागणिक बदलतात. १२ मिनिटांच्या प्रश्नावलीला एका मुलाखतकाराची दिवसाला १० घरं होतात. म्हणजे ४० माणूस-दिवस, चार माणसं असतील तर दहा दिवस. दहा टक्के घरांना फोन करून पडताळणी हवीच: कोणी आलं होतं का, किती वेळ बसलं, पिशवी बघितली का.

कडबाकुट्टी | मंगळवार, दुपारी ३.४५

डेअरीच्या बाजूनं बोलतो. तुम्ही सगळे अफवेमागं लागलाय. दूध नासतंय का ते कुणी बघितलं का?

पिशवी थंड साखळीत ५ अंशांच्या आत राहायला पाहिजे. गाडी पहाटे क्रेट टाकून जाते, एजंट सात वाजता दुकान उघडतो, तोवर क्रेट पायरीवर. उन्हाळ्यात त्यातलं दूध दुपारी तापवलं की फाटतं. बाई म्हणते "काहीतरी घालत्यात दुधात", आणि युरियाचा मेसेज तिला खरा वाटतो. दुधानं तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितं, मग तिला दहा बातम्या दाखवा, काय उपयोग नाही.

हे मोजायला सर्वे नको, थर्मामीटर पाहिजे. ३० एजंट चिठ्ठी टाकून काढा. तीन दिवस, रोज दोन नोंदी: गाडी क्रेट ठेवते तेव्हा आणि तासाभरानं. पिशवी फोडायची नाही. दोन पिशव्यांच्या मधे थर्मामीटरचं टोक घालून दाबून धरायचं, आकडा स्थिरावला की लिहायचा. सोबत वेळ, क्रेट कुठं ठेवला, आणि पिशवीवरचा बॅच नंबर. १८० आकडे हातात येतात. मग प्रयोगशाळेकडनं त्याच बॅचची आम्लता आणि एमबीआरटीची (दुधात जंतू किती वाढलेत ते दाखवणाऱ्या चाचणीची) नोंद मागा. डेअरीतनं निघताना चांगलं आणि दुकानात खराब असेल तर दोष रस्त्यात हाय, आणि तो जनसंपर्कानं सुटणारा न्हाई.

"चव बदलली" अशी तक्रार असेल तर त्रिकोणी चाचणी घ्या. तीन कप, दोनात एक दूध, एकात दुसरं. वेगळा कप ओळखायचा. सगळं दूध सारखं तापवून सारखंच गार केलेलं, कपांवर तीन आकडी नंबर. कपांच्या मांडणीचे सहा प्रकार होतात, ३० माणसं घेतली तर प्रत्येक मांडणीला पाच. नुसत्या अंदाजानं १० जण बरोबर येतात. १५ किंवा जास्त आले तर चवीत खरंच फरक हाय असं धरायचं. कमी आले तर चवीत फरक असल्याचा पुरावा मिळाला न्हाई, एवढंच धरायचं.

दहीवडा | मंगळवार, दुपारी ४.०२

कडबाकुट्टी, तुम्ही धाग्यावर साय धरवलीत. चाचणीच्या कपांत उरलेल्या दुधाचा चहा मंडळींना मिळावा.

शाईपेन | मंगळवार, रात्री ८.३०

माध्यमांच्या विश्लेषणावर अजून कोणी आलं नाही, म्हणून मी लिहितो.

"बदनामी झाली" हा दावा तपासता येतो. गेल्या सहा महिन्यांतल्या बातम्या काढा. पण मराठीत हे काम तयार सॉफ्टवेअरवर सोपवू नका. जिल्हा आवृत्त्यांचे आणि पुरवण्यांचे ई-पेपर बरेचदा चित्राच्या रूपात असतात, त्यांत शब्द शोधता येत नाही. काही जुनी पानं युनिकोड नसलेल्या फाँटमधली असतात. आणि दूध संघाची बातमी नेमकी जिल्ह्याच्या पानावरच असते. पानं माणसाने उलटावी लागतात. ऑनलाइन शोधताना एकाच गोष्टीची सगळी रूपं घ्या: दूध संघ, दुध संघ, दूधसंघ, डेअरी, डेरी, संघाचं बोलीतलं नाव, आद्याक्षरं. ऱ्हस्व-दीर्घामुळे कितीतरी मजकूर सुटतो. रोमन लिपीतल्या मराठी कमेंट हाताने वाचा. "वा, काय दूध आहे" ही तारीफ की टोमणा हे यंत्राला नीट ओळखता येत नाही.

पानं फार असतील तर कृत्रिम आठवडा घ्या, म्हणजे सहा महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीने एक सोमवार, मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात दिवस. असे दोन आठवडे करा. सलग दोन आठवडे घेतले तर एखाद्या आंदोलनाने सगळं चित्र झाकून जातं.

प्रत्येक बातमीची नोंद अशी: तारीख, आवृत्ती, पान, विषय (दर / भेसळ / निवडणूक / कार्यक्रम / इतर), कोणाचं म्हणणं छापलंय, संघाची बाजू आहे का, आणि कल. कल ठरवायला दोन माणसं ठेवा आणि दोघांनी एकमेकांचं बघायचं नाही. समजा १०० बातम्यांत ८५ ठिकाणी दोघांचं जुळलं. छान वाटतं. पण एकाने २० अनुकूल, ७० तटस्थ, १० प्रतिकूल म्हटलं आणि दुसऱ्याने २५, ६५, १०, तर निव्वळ योगायोगानेही ५१.५ टक्के जुळलं असतं. कोहेनचा कप्पा (kappa), म्हणजे योगायोग वजा जाता उरलेल्या जुळणीचं माप, काढा: (०.८५ − ०.५१५) ÷ (१ − ०.५१५) = ०.६९. अशा कामात ०.८० ची अपेक्षा ठेवतात. मग न जुळलेल्या १५ बातम्या समोर घेऊन नियम लिहा. बहुतेक वाद अनुकूल आणि तटस्थ यांच्यातच असतो. एक नियम कायम लागतो: अध्यक्षांचं वाक्य छापलं म्हणून बातमी अनुकूल होत नाही.

आडवा_स्तंभ | मंगळवार, रात्री ९.१५

शाईपेन, एक दुरुस्ती. कृत्रिम आठवडा नेहमीच्या वार्तांकनाला ठीक, पण अफवेच्या बातम्या झुंडीने येतात. चिठ्ठीत तो आठवडा सुटला तर विश्लेषणात अफवा झालीच नाही असं दिसेल. भेसळ आणि युरियाच्या बातम्या सगळ्या घ्या, बाकीच्या विषयांना कृत्रिम आठवडा लावा.

आणि "वर्षाअखेर कात्रणांची फाईल" याबद्दल. त्या फाईलसोबत जाहिरातमूल्य मागतील. बातमीची जागा गुणिले जाहिरातीचा दर, वर विश्वासार्हता म्हणून तिप्पट. हे कशाचंच माप नाही. "संघाच्या टँकरमधून नमुने ताब्यात" या चार कॉलमी बातमीचंही मूल्य त्याच सूत्राने काही लाख निघतं! २०१० साली मापनक्षेत्रातल्या लोकांनी बार्सिलोनात जी तत्त्वं ठरवली, त्यांत जाहिरातमूल्य म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे असं स्पष्ट लिहिलंय. प्रस्तावातच लिहा की हा आकडा देणार नाही. नंतर वाद घालण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.

नवी_पालवी | मंगळवार, रात्री १०.४०

मी जनसंपर्काची विद्यार्थिनी आहे. आम्हाला मार्स्टनचं रेस (RACE) सूत्र शिकवतात: संशोधन, कृती, संवाद, मूल्यमापन. पण मूल्यमापनात नक्की कोणत्या गोष्टी मोजायच्या याचा गोंधळ होतो. या दुधाच्या उदाहरणावर कोणी सांगेल का?

मोजपट्टी | मंगळवार, रात्री ११.२०

चार पायऱ्या धर. संघाने घरगुती चाचणीचे २०,००० कागद वाटले, ८ बातम्या आल्या: हे आपण केलेलं काम. घरातल्या माणसाला "युरियासाठी तुरीच्या पिठाची चाचणी असते" हे आठवलं: हे पोचलं. "संघाचं दूध मुलाला द्यायला काही वाटत नाही" असं म्हणणारे ३२ टक्क्यांवरून ४५ झाले: मत बदललं. पिशवी परत सुरू झाली: वागणं बदललं. पहिल्या पायरीवरच्या आकड्याने चौथ्या पायरीचा दावा करायचा नाही. परीक्षेत आणि क्लायंटसमोर दोन्हीकडे चालेल असं उत्तर आहे हे.

कोयनाकाठ | बुधवार, सकाळी ८.०५

तुम्ही सगळ्यांनी एवढं दिलंत, मनापासून आभार. थर्मामीटरचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. आता तिसऱ्या प्रश्नावर येऊ का? मी उद्दिष्ट असं लिहिलंय: "सहा महिन्यांत संघाच्या दुधावर विश्वास असलेल्या कुटुंबांचं प्रमाण ५ टक्क्यांनी वाढवणे." आधी ४०० घरं, नंतर ४०० घरं. चालेल?

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ९.३०

नाही चालणार. आधी ४०० आणि नंतर ४०० घरं घेतली आणि निवड अगदी साधी यादृच्छिक असली, तरी दोन आकड्यांत सुमारे ७ चा फरक हवा. त्याखालचा फरक योगायोगानेही येतो. आपल्या गठ्ठ्यांमुळे तो ८ च्या वर जातो. म्हणजे ४० चे ४५ झाले तर तुमचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं असेल आणि तुम्हाला ते सिद्ध करता येणार नाही. ५ चा फरक पकडायला दोन्ही वेळा अकराशेवर घरं लागतील. एकतर उद्दिष्ट १० चं ठेवा किंवा मोजायची गोष्ट बदला. आणि "५ टक्क्यांनी" असं मोघम लिहू नका. ४० चे ४५ की ४० चे ४२, दोन्ही अर्थ निघतात. "४० वरून ५० टक्क्यांवर" असं लिहा.

ताम्रपट | बुधवार, सकाळी १०.१०

मोजपट्टींचं गणित बरोबर आहे, पण मी मोजायची गोष्टच बदलेन. विक्री रोज आणि सगळ्या रूटवर नोंदली जाते, तिथे नमुन्याची चूक येतच नाही. १४ रूटच्या विक्रीनुसार सात जोड्या करा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एका रूटवर मोहीम आधी, दुसऱ्यावर दहा आठवड्यांनी. समजा मोहिमेच्या रूटवर विक्री ९ टक्के वाढली आणि थांबलेल्या रूटवर ४, तर तुमच्या नावावर ५ येतात. ९ चं श्रेय घ्यायचं नाही.

आडवा_स्तंभ | बुधवार, सकाळी १०.४५

ताम्रपट, कल्पना सुंदर आहे, पण वर्तमानपत्र रूट बघून वाटत नाहीत. बातमी आली की चौदाही रूटवर पोचली, तिचा परिणाम यात दिसणार नाही. फक्त जमिनीवरचं काम, म्हणजे एजंटकडची चाचणी, सोसायटीतली बैठक, कागदवाटप, एवढंच असं विभागता येतं. आणि संघाच्या वहीतली विक्री म्हणजे एजंटने उचललेला माल. परतीचा माल आणि गळक्या पिशव्या वजा केल्याशिवाय तो आकडा घेऊ नका.

ताम्रपट | बुधवार, सकाळी ११.००

मान्य. निव्वळ उचल घ्यायची, आणि बातम्या दोन्ही गटांत सारख्याच पोचल्या असं धरायचं. मग बातम्यांचा परिणाम वेगळा सांगता येणार नाही, आणि तसं अहवालात लिहायचं.

रानजाई | बुधवार, दुपारी २.२०

एक गट सगळेच विसरलोय: दूध घालणारे शेतकरी. शहरातल्या अफवेची सुरुवात अनेकदा गावातल्या दराच्या नाराजीतून होते. त्यांच्यासाठी सर्वे नको, १२ ते १५ सविस्तर मुलाखती पुरतील. मोठे गोठेवाले, दोन-तीन म्हशींवाले, आणि नुकतंच संघ सोडून खासगी डेअरीला दूध घालू लागलेले, असे तिन्ही घ्या. शेवटच्या तीन-चार मुलाखतींत नवं काही निघेना की थांबायचं.

जागा संस्थेच्या कार्यालयात नको आणि संकलनाच्या रांगेतही नको. सचिव समोर असताना फॅट कमी लावतात हे कोणी बोलणार नाही. गोठ्यावर जा, दुपारी, धारांच्या वेळा सोडून. मुलाखतकार संघाचा कर्मचारी नसावा.

आणि हे जपाच. हे शेतकरी सभासद आहेत, म्हणजे संचालक मंडळाचे मतदार. कोण काय बोललं हे क्लायंटला कळता कामा नये. नाव-फोन एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, मधे फक्त क्रमांक. पडताळणी झाली की फोन नंबर पुसून टाकायचे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही घेतलेली माहिती सांगितलेल्या कामापुरतीच वापरा असं म्हणतो, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागतो. शाळांच्या कार्यक्रमात मुलांकडून फॉर्म भरून घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडा. व्हॉट्सॲप गटांत खोट्या नावाने शिरून मेसेज गोळा करायचेही नाहीत.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री ९.००

रानजाई ताई, सभासद म्हणजे मतदार हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता शेवटची शंका. थर्मामीटरने दोष संघाचाच दाखवला तर अहवाल दाबला जाईल ही भीती आहे. करारात काय लिहू?

ताम्रपट | बुधवार, रात्री ९.४०

चार ओळी पुरतात. निष्कर्ष संचालक मंडळाच्या बैठकीत तोंडी आणि लेखी मांडले जातील, फक्त अध्यक्षांना नाही. सुरक्षिततेशी संबंधित काही आढळलं तर ते २४ तासांत डेअरी व्यवस्थापकाला कळवलं जाईल, अहवालाची वाट बघितली जाणार नाही. बाहेर आकडा वापरायचा असेल तर नमुना, तारीख आणि प्रश्नाची शब्दरचना सोबत द्यावी लागेल. व्यक्ती ओळखू येईल अशी कच्ची माहिती क्लायंटला मिळणार नाही. या ओळींवर सही होत नसेल तर संशोधनाचा भाग घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे.

कडबाकुट्टी | बुधवार, रात्री १०.२५

करार करा, पण तारखा बघून. श्रावणात उपास, सणाला खीर-बासुंदी, कोजागरीला आटीव दूध, रमजानात खपाची वेळच बदलते. पहिली पाहणी श्रावणात आणि दुसरी दिवाळीनंतर केली तर फरक मोहिमेचा की सणाचा, कोण सांगणार? त्यात थंडीत दुधाची आवक वाढते, खासगीवाले सूट देत्यात, अन् विक्री त्यानंपण हलते. दोन्ही पाहण्या सण नसलेल्या पंधरवड्यात घ्या. अन् थर्मामीटरचं काम आधी उरका, पाऊस लागायच्या आत. गारवा सुरू झाला की पायरीवरचा क्रेट बी थंडच राहतो, मग काय सापडणार न्हाई.

कोयनाकाठ | बुधवार, रात्री १०.५०

म्हणजे याच आठवड्यात. एजंटांची यादी उद्या मागवतो, ३० चिठ्ठ्या परवा काढतो. आकडे आले की इथेच टाकेन, संघाचं नाव वगळून.